नव्वद टक्के ऑटोमेशन, पण कशाचं?

सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र थोडक्यात, नाव आणि कंपनी गाळून: वय ३४, नोकरी पुण्यात, हिंजवडीला. नऊ वर्षं मॅन्युअल टेस्टिंग (सॉफ्टवेअर हाताने वापरून तपासणं), त्यातली पाच एकाच प्रॉडक्टवर, पतसंस्थांसाठीचं सॉफ्टवेअर, ठेवी, कर्ज, पिग्मी वगैरे. दीड वर्षापूर्वी टीम अ‍ॅजाइल झाली, म्हणजे काम छोट्या टप्प्यांत, दोन आठवड्यांचे स्प्रिंट. मग वरून आदेश आला की रिग्रेशनच्या (आधीचं काही बिघडलं नाही ना ते बघायच्या) ६४० केसेसपैकी ९० टक्के मार्चपर्यंत ऑटोमेट व्हायलाच हव्यात, म्हणजे प्रोग्रॅमने आपोआप तपासल्या जायला हव्यात. त्यासाठी दोन मुलं नवीन घेतली, त्यांनी सेलेनियमवर (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) ४१० केल्या. रन रात्री अकराला सुरू होतो, सकाळी सहाला संपतो आणि रोज पन्नास-साठ फेल निघतात. ते परत परत चालवून ‘हा खरा फेल नाही’ असं ठरवण्यात हिचे रोज दोन तास जातात. त्यात मागच्या महिन्यात एका संस्थेत मुदतीआधी मोडलेल्या ठेवींवर जास्त व्याज दिलं गेलं, तीन ठेवीदारांना. ती केस ऑटोमेट झालेली होती आणि रोज पास होत होती. रेट्रोमध्ये (स्प्रिंट संपल्यावरच्या आढावा बैठकीत) मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं, एवढं ऑटोमेशन असून हे सुटलंच कसं? हिचं शिक्षण बी.एस्सी., कोडिंग येत नाही. आता ४० हजारांचा ऑटोमेशनचा कोर्स करू, की घरचे म्हणतात तसं फील्ड सोडून बी.एड. करू, असा प्रश्न आहे.

अगं, पत्राची सुरुवातच ताई म्हणून केलीयस तेव्हा मीही सरळ अगं-तुगंवर येते. कोर्स की बी.एड. ते शेवटी बघू, कारण मला वाटतं तो तुझा खरा प्रश्न नाहीच. खरी गोष्ट तू मधेच एका ओळीत टाकून पुढे निघून गेलीस, की व्याजाची केस रोज पास होत होती. मी तिथेच अडकले. म्हणजे तुमच्याकडे रोज साठ लाल (फेल) येतात ज्यांना काही अर्थ नाही, आणि एक हिरवा (पास) होता त्यालाही काही अर्थ नव्हता. आणि तू मात्र स्वतःला बोल लावत बसलीयस की मला जावा, म्हणजे प्रोग्रॅमिंगची भाषा, येत नाही. जावाचा इथे काडीचा संबंध नाही गं.

उद्या ऑफिसला गेलीस की त्या दोन मुलांपैकी एकाच्या शेजारी खुर्ची ओढून बस आणि म्हण, ती ठेव मोडायची स्क्रिप्ट उघड आणि मला फक्त शेवटच्या चार ओळी दाखव. कोड कळायची गरज नाही, एवढंच विचार की ही शेवटी तपासते काय. माझा अंदाज सांगते: खातं उघडलं, ‘ठेव मोडा’ दाबलं, वर ‘ठेव यशस्वीरीत्या बंद झाली’ अशी हिरवी पट्टी आली, पास. व्याजाचा आकडा कुणी बघितलाच नाही.

आणि त्या पोराला लगेच झापू नकोस, आधी तुझी एक्सेल उघड. एक्स्पेक्टेड रिझल्टच्या रकान्यात काय लिहिलंयस? बहुतेक ‘ठेव बंद व्हावी व व्याज बरोबर यावं’. आता तू हाताने टेस्ट करायचीस तेव्हा हे पुरेसं होतं, कारण बरोबर म्हणजे किती ते तुझ्या डोक्यात होतं, तू कॅल्क्युलेटर काढून बघायचीस, आकडा चमत्कारिक दिसला की तुझी भुवई वर जायची. त्या मुलाला नोकरीला लागून जेमतेम वर्ष, त्याने आयुष्यात कधी ठेव मोडलेली नाही, त्याला काय कळणार बरोबर म्हणजे किती, त्याला जे दिसलं ते त्याने तपासलं, पट्टी. थोडक्यात तुझं बोट ऑटोमेट झालं, डोकं झालं नाही. हे मी हिणवायला म्हणत नाहीये, मी स्वतः क्यूटीपी या जुन्या टेस्टिंग टूलच्या जमान्यात क्लिक रेकॉर्ड करून शेकडो स्क्रिप्ट अशाच बनवल्यात आणि प्रत्येक रिपोर्ट छाती फुगवून पाठवलाय.

तुमच्या टीमने अ‍ॅजाइलमधून स्प्रिंट घेतला, स्टँडअप (रोजची छोटी बैठक) घेतला, रेट्रो घेतला (आणि तिथे माणसाला सगळ्यांसमोर उभं करणंही घेतलं, ते कुठल्या पुस्तकात नाही), पण अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टची मूळ कल्पना घेतली नाही. तुझ्या पत्रात ‘अ‍ॅक्सेप्टन्स’ हा शब्द एकदाच आलाय आणि तोही ‘शेवटच्या दोन दिवसांत अ‍ॅक्सेप्टन्स करतो’ असा. इथेच गडबड आहे. ही पद्धत मांडणाऱ्यांपैकी रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये युजर स्टोरीचे (वापरणाऱ्याला हव्या असलेल्या एका गोष्टीचे) तीन भाग सांगितले होते, कार्ड, कॉन्व्हर्सेशन, कन्फर्मेशन. म्हणजे चिठ्ठीवर एक ओळ, त्यावर बोलणं, आणि हे झालं असं कशावरून मानायचं ते ठरवणं. ते ठरवणं म्हणजे अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट, आणि ते कोड लिहायच्या आधी करायचं. २००२ मध्ये प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी फिट नावाचं टूल काढलं त्यात तर धंदा जाणणाऱ्या माणसाने साधा तक्ता भरायचा, इतके आले तर इतके मिळाले पाहिजेत, आणि तोच तक्ता टेस्ट म्हणून चालायचा. तक्ता भरायला कोडिंग लागत नाही. ठेवी कळाव्या लागतात.

तुमच्याच ठेवीवर करून बघू. लाखाची ठेव, दोन वर्षं, ९ टक्के. माणसाने एका वर्षाने मोडली. समजा त्या संस्थेचा नियम असा की जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा दर द्यायचा आणि वर एक टक्का कापायचा. एका वर्षाचा दर ८, वजा १, म्हणजे ७ टक्के, सरळ व्याजाने ७,००० रुपये. सॉफ्टवेअरने मूळ ९ टक्केच धरले तर ९,००० जातात. लाखामागे दोन हजार संस्थेच्या खिशातून, आणि नंतर ठेवीदाराच्या घरी जाऊन परत मागायचे, ते वेगळंच प्रकरण. गावातल्या पतसंस्थेत ठेवीदार म्हणजे मॅनेजरचा शेजारी असतो, कसं मागणार.

हे असं आकड्यांत बोलायला लागलीस ना की प्रश्न आपोआप बाहेर पडतात. एका वर्षाचा दर कुठला, ठेव ठेवली त्या दिवशीचा की मोडली त्या दिवशीचा? ३६४ व्या दिवशी मोडली तर? ज्येष्ठ नागरिकाला अर्धा टक्का जास्त असेल तर मुदतीआधी मोडल्यावरही तो मिळतो का, आणि मधेच साठ पूर्ण झाली असतील तर? ठेवीदार वारला आणि वारसाने मोडली तर कपात लावायची का? दर तीन महिन्यांनी व्याज उचलत होता, म्हणजे जास्त दराने आधीच दिलंय, ते आता मुद्दलातून वळतं करायचं का? बघ, मी पतसंस्थेत एक दिवस काम केलेलं नाही तरी मला एवढे सुचले, तुला पाच वर्षांनंतर वीस सुचतील. यातले निम्मे तुमच्या प्रॉडक्ट ओनरला (काय बनवायचं ते ठरवणाऱ्याला) माहीत नसतील, मग तो संस्थेच्या मॅनेजरला फोन लावेल. तो फोन स्प्रिंटच्या पहिल्या दिवशी जातो की प्रोडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, बग निघाल्यावर जातो, सगळा फरक तेवढाच. प्रॉडक्ट ओनर, डेव्हलपर आणि टेस्टर अशा तिघांनी स्टोरी हातात घ्यायच्या आधी बसायचं, याला ‘थ्री अमिगोज’ म्हणतात, नाव नाटकी आहे पण बैठक अर्ध्या तासाची असते आणि तिथे सगळ्यात जास्त बोलणारी तूच असणार आहेस.

बोलून झालं की ते असं लिहायचं:

परिदृश्य: दोन वर्षांची ठेव एका वर्षाने मोडली
जर ठेवीदाराची १,००,००० रुपयांची ठेव २ वर्षांसाठी ९ टक्क्यांनी आहे
आणि ठेव ठेवली त्या दिवशी १ वर्षाचा दर ८ टक्के होता
आणि मुदतीआधी मोडल्यास १ टक्का कपात आहे
जेव्हा ठेवीदार बरोबर १ वर्षाने ठेव मोडतो
मग त्याला ७,००० रुपये व्याज मिळतं

हे मी तुला समजावं म्हणून मराठीत लिहिलं नाहीये हं. क्युकंबर नावाच्या टेस्टिंग टूलमध्ये हे लिहायची जी भाषा आहे, गर्किन, ती बऱ्याच भाषांतले शब्द ओळखते आणि त्यात मराठीही आहे, जर, जेव्हा, मग, आणि, पण, सगळं. तुमच्या टीमला इंग्रजीत गिव्हन-व्हेन-देन सोयीचं वाटत असेल तर तसं करा, पण जो संस्थेचा मॅनेजर हे वाचून ‘हो, असंच’ म्हणणार आहे त्याला इंग्रजी मजकुरावर सही का करायला लावायची.

इथे एक खड्डा आहे, मी त्यात पडलेय म्हणून सांगते. गर्किन हातात आलं की लोक त्यात लिहायला लागतात ‘जेव्हा मी युजरनेमच्या खोक्यात अमुक टाकतो आणि मी निळं बटण दाबतो आणि मी मेनूतल्या तिसऱ्या ओळीवर जातो’. ही जुनी टेस्ट केसच झाली, फक्त पोशाख बदललेला. उद्या बटण हिरवं झालं की फाइल खोटी. नियम लिही, क्लिक लिहू नकोस. आणि ज्या टीममध्ये टेस्टर सोडून दुसरं कुणी त्या फाइल वाचतच नाही तिथे क्युकंबर आणूच नका, उगाच एक मजला वाढतो. कॉन्फ्लुएन्सच्या (टीमच्या सामायिक नोंदींच्या) पानावरचा साधा तक्ताही चालतो.

आता तुझी रात्रीची कहाणी. ४१० स्क्रिप्ट, सात तास, म्हणजे एका केसला साधारण मिनिट. त्या मिनिटातली किती सेकंदं लॉगिन करण्यात आणि मेनूतून ठेवीच्या स्क्रीनपर्यंत जाण्यात जातात ते एकदा घड्याळ लावून बघ. व्याजाचा हिशोब तपासायला ब्राउझर उघडायची गरजच नसते. हिशोब सर्व्हरवर होतो, तिथेच एपीआयला (स्क्रीनशिवाय थेट सर्व्हरशी बोलायचं दार) विचारा, वरच्या वीस प्रश्नांची वीस उत्तरं काही सेकंदांत मिळतील. ब्राउझरमधून एकच ठेव मोडून बघा, स्क्रीनवर तोच आकडा आला आणि पावतीवरही तोच छापला गेला एवढ्यासाठी. माइक कोन यांच्या २००९ च्या अ‍ॅजाइलवरच्या पुस्तकामुळे सगळीकडे पसरलेला तो टेस्ट पिरॅमिड हेच सांगतो, खाली भरपूर बारक्या जलद टेस्ट, मधे सर्व्हिसच्या, आणि टोकाला स्क्रीनवरून चालणाऱ्या मोजक्या. तुमचा पिरॅमिड शीर्षासनात आहे.

साठ लाल का येतात याची कारणं मी इथे बसून सगळी सांगू शकणार नाही पण नेहमीचे चोर ठरलेले असतात. स्क्रिप्टमध्ये जागोजागी ‘पाच सेकंद थांब’ लिहिलेलं असतं, सर्व्हर सुस्त असला की सहावं सेकंद लागतं आणि फेल. त्याऐवजी ‘अमुक दिसेपर्यंत थांब’ असं सांगता येतं. बटण शोधायला पानाच्या मुळापासून लांबलचक एक्सपाथ (पानातल्या जागेचा पत्ता) दिलेला असतो, मधे कुणी एक डबा वाढवला की पत्ता चुकला. यावर डेव्हलपरना सांगून महत्त्वाच्या बटणांना कायमची टेस्ट-आयडी लावून घ्यायची, त्यांचं पाच मिनिटांचं काम असतं पण मागावं लागतं. आणि सगळ्या स्क्रिप्ट एकाच टेस्ट ठेवीदारावर चालतात, एकीने त्याची ठेव मोडली की मागून येणाऱ्या तिघी तोंडावर आपटतात. प्रत्येक स्क्रिप्टने आपला ठेवीदार आपण बनवायचा, पाहुण्याच्या ताटात जेवायचं नाही.

तुमच्या बाबतीत माझा अजून एक संशय आहे. रन अकराला सुरू होतो आणि सहाला संपतो, म्हणजे मधे बारा वाजतात! पावणेबाराला ठेव ठेवली आणि सव्वाबाराला ती ‘आजची’ म्हणून शोधली तर ती कालची झालेली असते. वर टेस्ट सर्व्हरवर मध्यरात्री डे-एंड (दिवसअखेरचा हिशोब) चालत असेल तर विचारूच नकोस. फेल झालेल्यांची वेळ बघ, बाराच्या आसपास गर्दी दिसली तर मला कळव, पेढे नकोत, नुसतं कळव.

फ्लेकी टेस्ट, म्हणजे कधी पास तर कधी विनाकारण फेल, तुमच्याकडेच आहेत असं नाही. गूगलच्या लोकांनी २०१६ मध्ये स्वतःहून लिहिलं होतं की त्यांच्या जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये कमीजास्त फ्लेकीपणा आहे. त्यामुळे लाजायचं कारण नाही, पण सवय लावून घ्यायचंही नाही. ‘परत चालव, होईल पास’ हे तुझे रोजचे दोन तास आहेत ना, त्यातला वेळ जातो त्याहून वाईट म्हणजे टीमला लालकडे दुर्लक्ष करायचं वळण लागतं. आमच्या सोसायटीच्या लिफ्टचा अलार्म वर्षभर उगाच वाजायचा, एकदा खरंच काका अडकले तर वीस मिनिटं कुणी उठलं नाही.

म्हणून उद्यापासून दोन आठवडे एक वही ठेव. रोजच्या प्रत्येक लालपुढे एकच शब्द: स्क्रिप्ट, डेटा, सर्व्हर किंवा बग. बस. ज्या टेस्ट तीनदा ‘बग’ सोडून दुसऱ्या कारणाने पडल्या त्या मुख्य रनमधून काढून वेगळ्या ठेवायच्या, त्या पुढच्या स्प्रिंटमध्ये दुरुस्त करायच्या नाहीतर निरोप द्यायचा. ९० टक्क्यांचं टार्गेट असताना टेस्ट काढायला मॅनेजर तयार होणार नाही असं म्हणशील. म्हणूनच वही आधी.

मॅनेजरला ‘तुमचं टार्गेट चुकीचं आहे’ असं म्हणू नकोस, तो माणूसही कुणालातरी पीपीटी दाखवत असणार. त्याला दोन आकडे दाखव: दोन आठवड्यांत लाल किती आले आणि त्यातले खरे बग किती निघाले. मग विचार, ६४० पैकी ९० टक्के करायच्या, पण ६४० मधल्या सगळ्या सारख्या मोलाच्या आहेत का? जिथे पैसा हलतो, व्याज, हप्ता, कपात, पिग्मीचं कमिशन, त्या आधी आणि आकड्यासकट. जे रिपोर्ट वर्षातून एकदा निघतात ते माणसाने बघितले तरी चालतात. आणि ज्या केसेस पाच वर्षांत एकदाही फेल झाल्या नाहीत आणि तो स्क्रीनही कुणी वापरत नाही त्या ऑटोमेट करून टक्केवारी वाढते, दुसरं काही वाढत नाही. पुढच्या रेट्रोला तो परत ‘सुटलं कसं’ म्हणाला तर स्क्रिप्टच्या त्या शेवटच्या चार ओळी आणि तुझी एक्स्पेक्टेड रिझल्टची ओळ शेजारी शेजारी दाखव. स्वतःची चूक आधी दाखवलीस की त्या मुलांनाही तोंडघशी पडल्यासारखं होणार नाही.

कुणीतरी म्हणेलच की आता एआय आहे, तेच स्क्रिप्ट लिहील. लिहितं की, भराभर लिहितं, मीही वापरते. पण त्याला तुमचा कोड दिला आणि यावरून टेस्ट लिही म्हटलं तर ते कोडमधले ९ टक्केच बरोबर धरून व्यवस्थित टेस्ट बनवून देईल, ९,००० आले, पास. सात हजार हवेत हे त्याला कुणीतरी सांगायला हवं ना.

सेलेनियम कसं जन्मलं माहितीये का? २००४ मध्ये शिकागोला थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीत जेसन हगिन्स नावाच्या माणसाला कंपनीच्याच खर्च आणि वेळ नोंदवायच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये तेच तेच हाताने तपासून कंटाळा आला, म्हणून. तेव्हा मर्क्युरी नावाच्या कंपनीची टूल्स जोरात होती आणि मर्क्युरी म्हणजे पारा, पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम देतात म्हणे, असा त्या नावामागचा विनोद. सांगायचा मुद्दा, हे टूल माणसाचा कंटाळा घालवायला निघालं होतं, तुमच्याकडे त्यानेच रोज सकाळी दोन तासांचा नवीन कंटाळा दिलाय.

आता कोर्स. ४० हजार आत्ता तरी भरू नकोस. त्या कोर्समध्ये तुला एका डेमो शॉपिंग साइटवर लॉगिन करायला शिकवतील आणि सर्टिफिकेट देतील. तुझ्याकडे खरा कोड आहे, दोन मुलं शेजारी आहेत, त्यांना ठेवी कळत नाहीत आणि तुला जावा कळत नाही, यापेक्षा चांगली जोडी कुठे मिळणार, रोज एक तास बसा. आधी पोस्टमन नावाच्या टूलने एपीआय मारायला शीक, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) येत असेलच, मग गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल), मग त्यांची स्क्रिप्ट वाचायला, मग त्यात एक आकडा तपासायची ओळ घालायला. सहा महिन्यांत तू स्वतः छोटी टेस्ट लिहिशील, बी.एस्सी. झालेल्या बाईला हे जमणार नाही असं काही नाही. पण खोटा दिलासाही देत नाही: नुसतं पायरी एक ते पायरी दहा क्लिक करून पास-फेल लिहायच्या नोकऱ्या आटतायत आणि ते तू बघतेयसच. कोड वाचता न येता पुढची दहा वर्षं काढता येतील असं मला वाटत नाही. आणि वही दाखवून, आकडे दाखवूनही तुमच्याकडे फक्त ९० चा जप चालू राहिला तर दुसरीकडे बघ, इंटरव्ह्यूला ही ठेवीचीच गोष्ट सांग, सर्टिफिकेटपेक्षा जास्त चालेल.

बी.एड.चं म्हणशील तर शिकवायची आवड असेल तर जरूर कर. सुटका म्हणून करू नकोस. माझी बहीण शाळेत आहे, ऑनलाइन माहिती भरता भरता तीही रात्री अकरालाच सर्व्हर चालू आहे का बघत असते.

ज्यांच्याकडे अजून एकही ऑटोमेटेड टेस्ट नाही आणि हे वाचतायत त्यांनी पाचच करा. जिथे चुकलं तर ग्राहकाचा फोन येतो अशा पाच, आकड्यासकट, दर चेक-इनला (कोडमधला बदल जमा केला की) चालतील अशा. सहावी करायच्या आधी या पाच महिनाभर विनाकारण लाल होत नाहीत ना ते बघा.

आणि ती ६४० ची एक्सेल आता ऑटोमेशन झालं म्हणून कुणाला आर्काइव्हमध्ये टाकू देऊ नकोस. रिमार्कच्या रकान्यात तू काय काय लिहून ठेवलं असशील मला दिसतंय, ‘या संस्थेत कपात नाही’, ‘लीप इयरला बघणे’, ‘संयुक्त खात्यात सही कुणाची’. त्या मुलांना टेस्ट केसेस दिल्या तेव्हा तो रकाना दिला होता का? उद्या त्यांच्याबरोबर बसलीस की तिथून सुरुवात कर. लीप इयरवाल्याला घाई नाही, २०२८ ला येतंय.